मागच्या सीटवरचा पहारेकरी

मी मागची सीट बोलतेय. मोटारसायकलची. पुढची सीट रुंद, स्प्रिंगांवर डुलणारी. गिऱ्हाईक आधी तिच्यावर हात फिरवतं आणि मग गाडीची किंमत विचारतं. मी म्हणजे मागच्या मडगार्डावर बोल्टांनी आवळलेली एक चौकोनी उशी. गाडीच्या फोटोत मी अर्धीच येते.

माझा जन्म एका अंधाऱ्या गाळ्यात झाला. खाली प्लायवूड, वर फोम, त्यावर काळं रेक्झिन. मला बांधणाऱ्या कारागिराच्या तोंडात खिळे होते आणि डोक्यात बायकोशी सकाळी झालेलं भांडण. त्या रागात त्यानं मला इतकं ताणून ठोकलं, की आजही कोणी बसलं की मी आधी अडून बघते आणि मग नमते.

मी जग पाहिलं वगैरे काही म्हणणार नाही. मला कळतं ते एवढंच, की माझ्यावर कोण कसं बसतं. माणसाचं तोंड खोटं बोलेल, बूड बोलत नाही. पहिल्या मालकाची बायको रुसली की माझ्या पार टोकाला बसायची आणि मालक मुद्दाम खड्ड्यातून गाडी घालायचा, तिनं धरावं म्हणून. नंतर माझ्यावर गॅसचा सिलिंडर बसला, शिलाई मशीन बसलं, एकदा तर बोकड बसला. त्यात सिलिंडर सगळ्यांत जड. पण त्यानं मला किंवा चालवणाऱ्याला कधी सल्ला दिला नाही.

मग बाप बसला.

बाप म्हणजे माझ्या आताच्या मालकाचा बाप. मालक अजून पोरगाच आहे. घरच्यांनी त्याला दूरच्या शहरात इलेक्ट्रिकल इंजिनीअर व्हायला पाठवलं होतं. तीन वर्षं तो कॉलेजात गेला, चौथ्या वर्षी गेला नाही. घरी पत्ता लागू दिला नाही, जुन्या बाजारातून ही गाडी उचलली आणि माझ्यावर खोकी बांधून लोकांची पार्सलं पोचवायला लागला. घरून फोन आला की म्हणायचा, "अभ्यास चाललाय." तेव्हा त्याच्या एका हातात फोन असायचा आणि दुसऱ्यात कोणाची तरी इस्त्री किंवा मिक्सर.

एकदा तो फोन खोलीतल्या मित्रानं उचलला. आणि मित्र नेमका खरं बोलणारा निघाला.

बाप मिळेल ती आगगाडी पकडून आला. म्हणाला, "चल घरी." पोरगा म्हणाला, "येतो, पण गाडी घेऊन." बापानं हिशेब मांडला की हा वाटेत पळणार. म्हणून हे निवृत्त मास्तर, जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेले, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना माझ्यावर चढले. डोंगर, घाट, पठारं पार करून घरापर्यंत. पोरावर पहारा ठेवायला.

आता मला एक सांगा, माझ्यावर बसून माणसाला काय दिसतं? पुढच्याची पाठ दिसते. रस्ता दिसतच नाही. तरी हा माणूस रस्ताभर सांगत होता. "डावीकडे घे." "ट्रक येतोय." "इथं गिअर बदलायला हवा होता." चुकीच्या वळणावर बापाच्याच सांगण्यावरून वळलो, तेव्हा म्हणाला, "तुझं लक्ष कुठं असतं?" थोरली माणसं म्हणजे अशीच. बसायचं मागं आणि हँडल आपल्याच हातात असल्यासारखं बोलायचं.

आणि भीती तर अशी, की प्रत्येक खड्ड्याला माझ्या फोममध्ये बोटं रुतायची. पण पोराच्या खांद्याला हात लावणार नाही. माझ्यामागची लोखंडी दांडी धरून बसायचा. उतरतानाही दांडीच धरायची, पाय वर काढायचा, "अगं आई गं" म्हणायचं आणि कसंबसं जमिनीवर यायचं. पोरानं पहिल्या दिवशी एकदा म्हटलं होतं, "बाबा, खांदा धरा ना." बाप म्हणाला, "मला सवय नाही." पोरानं परत म्हटलं नाही.

वाटेत कुठंही चहाला थांबलो, की बापाचं सुरू. टपरीवाला काही विचारो न विचारो. "हा माझा मुलगा. इंजिनीअर आहे." पहिल्या थांब्यावर नुसता इंजिनीअर होता. घाट उतरेपर्यंत मोठ्या कंपनीत लागला. पठारावर त्याला परदेशातून बोलावणं आलं. पोरगा बशीत बघत चहा प्यायचा. मला वाटलं, अजून एक डोंगर लागला असता, तर बापानं त्याचं लग्नही लावून टाकलं असतं.

शेवटच्या दिवशी सकाळी लॉजच्या आवारात पोरगा सामान बांधत होता. बाप इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा.

"घरी गेल्यावर काय सांगायचं?" बापानं विचारलं.

"कॉलेज सोडलं म्हणून."

"मी काय सांगितलंय तुला?"

पोरानं दोरी आवळली. "एक पेपर राहिलाय, निकाल राखून ठेवलाय. पुढच्या वर्षी लागेल."

"हां."

"आणि पुढच्या वर्षी काय सांगायचं?"

"ते पुढच्या वर्षी बघू. थोरल्या काकांसमोर माझी शोभा नकोय मला. इतकं एक कर."

"मी नाही सांगणार, बाबा. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा."

"विचारतील ते तुला. उत्तर तूच द्यायचंस." बाप माझ्यावर चढला. नेहमीपेक्षा जोरात बसला.

हे थोरले काका म्हणजे बापाचे मोठे भाऊ. रस्ताभर मी त्यांचंच नाव ऐकत होते. घरात कोणी काय शिकायचं, कोणी कुणाशी लग्न करायचं, दिवाणखान्यातली खुर्ची कुठल्या भिंतीला लावायची, सगळा शेवटचा शब्द त्यांचा. बापाला म्हणे नाटकात जायचं होतं. काका म्हणाले, मास्तर हो. झाला. वर्गात पोरांना प्रमेय सिद्ध करायला लावणारा हा माणूस साठी उलटली तरी भावापुढे शेपूट घालून उभा राहतो. आणि आपलं शेपूट झाकायला पोराला खोटं बोलायला लावतो. मी सीट आहे, मला काय करायचंय, पण राग येतो तो येतोच.

दुपारी एका खानावळीपाशी थांबलो. मागच्या बाजूला झाडाखाली पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत पोरानं गाडी लावली. खानावळीची मालकीण तिथंच पंपावर लाथा मारत उभी होती. धिप्पाड बाई, हातात झारा. जेवायला गर्दी आणि नळाला पाणी नाही.

बापाला संधीच मिळाली. "काय झालं, बाई? माझा मुलगा इंजिनीअर आहे. इलेक्ट्रिकल. आत्ता बघेल."

पोरगा हेल्मेट काढता काढता थांबला. "मावशी, मला नाही येत पंपाचं."

"लाजाळू आहे," बाप म्हणाला. "अरे, बघ की. मोठ्या कंपन्यांची कामं करतो तो."

पोरगा खाली बसला. बटण दाबलं. पंप घूं घूं करत राहिला, फिरेना. त्यानं बटण बंद केलं.

"आत काहीतरी अडकलंय. असाच चालू ठेवला तर जळेल."

"एकदा दाबून सोडून दिलंस," बाप मागून म्हणाला. "जरा धीर धर. परत लाव."

"बाबा, जळेल."

"कुठलीही गोष्ट अर्धी टाकायची सवय लागलीय तुला. लाव, आणि मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

पोरगा एक क्षण बापाकडे बघत राहिला. मी ती नजर ओळखते. उतारावर ब्रेक सोडून देताना माणूस अशी नजर करतो. त्यानं बटण दाबलं आणि धरून ठेवलं. घूं घूं घूं. "बघ, आता सुटेल," बाप म्हणाला. मग वास आला. मग धूर आला. मग पंपानं खोकल्यासारखा एक आवाज काढला आणि कायमचा गप्प झाला.

मालकिणीचा झारा वर गेला. "जाळलास! चांगला नुसता अडकलेला पंप होता. कसला रे इंजिनीअर तू? कोणी दिली तुला डिग्री?"

पोरगा उभा राहिला. हात काळे झाले होते. बापाकडे बोट दाखवायला त्याला एक शब्दही पुरला असता. तो नुसता हात पुसत राहिला. माझ्या मते तिथंच त्यानं बापाला मारलं, एकही फटका न मारता.

बाप जळलेल्या पंपाकडे बघत पुढे आला. मग तो म्हणाला, "कोणी नाही दिली."

"काय?"

"डिग्री. त्यानं कॉलेज सोडलंय. कंपनी वगैरे काही नाही, पार्सलं पोचवतो. आणि पंप त्यानं नाही, मी जाळला. तो नको म्हणत होता."

आभाळ कोसळलं नाही. झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही. मालकीण झारा खाली घेत म्हणाली, "मग हे आधी सांगायला तोंडाला काय झालं होतं? मी पंपवाल्याला बोलावला असता. आता तो येईपर्यंत बादल्या भरा दोघं. भांडी पडलीत माझी."

बापाचा इस्त्रीचा शर्ट. आणि मागच्या विहिरीवरून टाकीपर्यंत बादल्या. पोरगा शेंदायचा, बाप वाहायचा आणि माझ्याशेजारी टाकीत ओतायचा. अर्धं पाणी स्वतःच्या विजारीवर. बऱ्याच खेपा झाल्यावर पोरगाही बादली घेऊन आला आणि दोघं टाकीला टेकले.

"का सोडलंस?" बापानं विचारलं.

मी ताठ झाले. इतका रस्ता कापला, या माणसानं पोराला हजार गोष्टी सुनावल्या होत्या. हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला.

"काही कळायचं नाही, बाबा. पहिल्या वर्षापासून."

"पास तर होत होतास."

"पाठ करायचो. पास व्हायचो. कळायचं नाही."

"पण पंप जळणार हे कळलं तुला."

"त्याला कॉलेज कशाला लागतं? आवाजच सांगत होता."

बाप हसला की खोकला ते मला समजलं नाही. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत म्हणाला, "माझ्याही वर्गात असायची अशी पोरं. प्रमेय घडाघडा म्हणायची, आकृती काढ म्हटलं की हात थरथरायचे. मी त्यांना पैकीच्या पैकी द्यायचो. त्रास द्यायची नाहीत ना." मग रिकामी बादली उचलून तो विहिरीकडे गेला.

पंपवाला आल्यावर मालकिणीनं दोघांना बसवून जेवू घातलं. बापाच्या पानात वाढताना म्हणाली, "खा, इंजिनीअर." बापानं भाकरी मोडली.

त्यानंतरच्या रस्त्यावर माझ्यावर एक वेगळाच माणूस बसला होता. ट्रक आला, तो बोलला नाही. वळण आलं, बोलला नाही. माझ्या शिवणीला सवय नसल्यानं मलाच चुकल्यासारखं झालं. दांडी मात्र त्यानं सोडली नव्हती. आणि घर जवळ यायला लागलं तशी दांडीवरची मूठ घट्ट होत गेली. खानावळवालीपुढे खरं बोलणं वेगळं, ती उद्या भेटायची नाही. थोरले काका उद्याही भेटणार होते, परवाही.

उन्हं कलता कलता गल्लीत शिरलो. फाटकात थोरले काका उभेच. हात मागं बांधलेले, चष्मा नाकावर. पोराची आई त्यांच्यामागं दारात. पोरानं गाडी फाटकापाशी थांबवली, दोन्ही पाय टेकले, इंजिन बंद केलं. बाप उतरेना. मला कारण ठाऊक होतं: त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. दांडी धरून त्यानं एकदा उठून बघितलं आणि धप्पकन परत बसला.

"आलात का?" काका म्हणाले. नजर पोरावर. "काय इंजिनीअर, निकाल काय म्हणतो?"

पोरानं हेल्मेट काढलं. सकाळी ठणकावून नाही म्हणालेला हा पोरगा. त्यानं आरशात मागं बघितलं. आरशात बाप होता, विजार ओली, शर्टाला विहिरीचं शेवाळं. 

"काका, ते... एक पेपर राहिलाय. निकाल राखून..."

"गप रे," बाप मागून म्हणाला.



"दादा, त्यानं कॉलेज सोडलंय. वर्ष झालं. राखून ठेवलेला निकाल मी शिकवलेला आहे, त्याचा नाही."

काकांनी चष्मा वर केला. "सोडलंय? कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"आणि तू हे मला असं गाडीवर बसून सांगतोयस?"

"उतरता येत नाहीये म्हणून. नाहीतर उभा राहून सांगितलं असतं."

आईच्या तोंडून फुस्सकन हसू सुटलं. तिनं ते खोकल्यात लपवलं, पण मी ऐकलं.

काका फाटकाचा खांब धरून उभे. शेवटचा शब्द त्यांचाच असायचा, त्यामुळे तो शोधायला त्यांना वेळ लागत होता. शेवटी म्हणाले, "मग आता तो करणार काय?"

"आधी मला उतरवणार आहे," बाप म्हणाला.

आणि त्यानं दांडी सोडली. एक हात पोराच्या खांद्यावर आला, मग दुसरा. सगळा भार टाकला. पोरगा वाकला, पण गाडी त्यानं हलू दिली नाही. बाप उतरला, लंगडत दोन पावलं गेला आणि काकांच्या बाजूनं आत शिरला. काकांना सरकावं लागलं.

आता मी त्याच घराच्या भिंतीला टेकून असते. शिवण उसवलीय, फोम बाहेर डोकावतो, दुपारी एक मांजर माझ्यावर झोपतं. सकाळी खोकी असतात. संध्याकाळी कधी कधी बाप बसतो, बाजारापर्यंत. काही फार सुधारलाय असं नाही. परवाच "डावीकडे घे" म्हणाला आणि आम्ही नाल्यापाशी पोचलो. पण आता खांदा धरतो.

तुमच्यात जे कोणी वडीलधारे असतील, त्यांनी माझ्यावर जरूर बसावं. मी अडेन, पण नमेन. रस्ता दिसत नसेल तर गप्प बसावं, नाहीतर पुढच्याला विचारावं. आणि कोणाकडे सुई-दोरा असेल, तर येताना घेऊन या. मांजर नख्या मारतंय.