झोपेतला दाब

चिमाजी ढेबे हेकट खरा, पण जितराबाला जपणारा. पासलीच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती, आणि बिबट्याच्या भीतीनं तो बारा महिने शेरडांच्या वाडग्यातच, दगडी गडग्याच्या आत, अंथरूण टाकायचा. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, तरी सकाळी डोकं ठणकायचंच. म्हणून वेल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, कमरेला मशीन लटकवलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत काढायचा नाही, काका. झोपेत दाब किती राहतो ते बघायचंय."

दिवस निभावला. रात्री मात्र दर अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगला की मशीन घुर्र करी आणि शेरडं बिथरून एकमेकांवर चढत. चिमाजी वैतागून घरात आला, पट्टा सोडला आणि बायकोच्या दंडावर आवळला.

"अवो, ह्ये तुमचं हाय!" सखूबाई म्हणाली.

"झोपंतला दाब पायजे न्हवं? मला वाडग्यात कुठली आलीया झोप? तू झोपतीस ढाराढूर, तूच बांध."

आता ह्या अकलेला काय म्हणावं! पण तिनं बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी मशीनमधले आकडे बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "काका, दिवसा ठीक आहे. पण झोपेत दाब उतरायच्या ऐवजी भलताच चढतोय. रात्रीची अजून एक गोळी घ्या."

सोबत आलेली सखूबाई तोंड उघडणार, तोच चिमाजीनं डोळे वटारले. बाई रागावतील, मशीन पुन्हा बांधतील, ही त्याला धास्ती. सखूबाईनं गोळीची चिठ्ठी पदराला बांधली. एका गोळीनं काय व्हतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली.

त्याच आठवड्यात एका रात्री, नवी गोळी घेऊन पडलेला चिमाजी शेरडं ओरडली म्हणून ताडकन उठला, आणि भोवळ येऊन गडग्याच्या दगडांवर डोक्यावर आपटला. वेल्ह्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"दाबानंच घात केला, काकू," बाई हळहळल्या.

सखूबाईला वाटलं, ओरडून सांगावं, बाई, त्यो दाब माझा व्हता. माझी गोळी त्यांनी खाल्ली, त्यांचा दाब पार खाली गेला आन् म्या बघत बसले. पण आता सांगून काय माणूस माघारी येणार होता?

तेराव्यानंतर बाई स्वतः वस्तीवर चढून आल्या. "काकू, तुमचाही दाब बघू. हात पुढं करा."

सखूबाईनं हात पदराखाली ओढून घेतला. आकडा दिसला की नवऱ्याला कुणी मारलं ते बाईंना कळणार.

"ऱ्हाऊ द्या, बाई. मला काय धाड भरलीया?" ती म्हणाली. हाच दाब एक दिवस आपल्यालाही नेणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि नेईल तर नेऊ दे, असंच तिला वाटत होतं.