करंजीपर्यंत

"एवढा बल्ब लावून पाह्यतो माय, मंग निघूच," असे धर्मपाल गाडीखालून पुन्हा म्हणाला, तेव्हा त्याच्या आईने ऐकल्याचे दाखवलेसुद्धा नाही. गॅरेजच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कौसल्याबाई सकाळपासून बसल्या होत्या. अंगावर धुतलेले पांढरे पातळ, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मेणबत्त्यांचे पुडके. डोळे मात्र रस्त्यावर.

दसरा म्हणजे पांढरकवड्यातल्या वाहनांचा न्हाण्याचा सण. लोक आदल्या दिवशी गाड्या धुवायला रांगा लावतात, जोरकस फवाऱ्याने इंजिनालाही अभ्यंगस्नान घडवतात, सकाळी झेंडूची माळ घालून नारळ फोडतात. मग आत पाणी शिरलेल्या दोन-चार गाड्या माळेसकट धर्मपालच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्याच्या घरचा दसरा मात्र निराळा. त्या दिवशी त्यांची सगळी वस्ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. धर्मपालचे गेले दोन दसरे लोकांच्या वायरिंगमध्ये गेले होते. यंदा त्याने आईला शब्द दिला होता. बायको पहाटेच वस्तीच्या मॅटाडोरने गेली. आईचे गुडघे मॅटाडोरवर चढू देत नाहीत, म्हणून मायलेकांनी एसटीने जायचे ठरले होते.

कौसल्याबाईंना नुसते हात जोडायला जायचे नव्हते. तिथे मैनाबाई भेटायच्या. मैनाबाई गोंदियाकडच्या. भोजनदानाच्या मांडवात दोघी शेजारी बसून पोळ्या लाटत होत्या, तेव्हाची ओळख. फोन दोघींकडेही नाही, एकमेकींचे गाव नीट ठाऊक नाही. दसऱ्याच्या दुपारी त्या मांडवामागच्या कडुलिंबाखाली भेटायचे आणि दिवस मावळायच्या आत मैनाबाईंनी रेल्वे गाठायची, एवढाच काय तो करार. वर्षानुवर्षे तो बिनबोभाट चालला. आता दोन वर्षे मैनाबाई लिंबाखाली एकट्याच बसून गेल्या असतील, की त्याही आल्या नसतील, हे सांगणार कोण?

सकाळी मायलेक घराबाहेर पडतच होते, तर कपिल गाडी घेऊन आला. गाडी आली म्हणण्यापेक्षा रांगत आली. कपिल शेजारच्या गावातल्या रामरावांचा मुलगा. रामरावांच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिसला नागपूरला न्यावे लागते. दुसरी गाडी भाड्याने घ्यावी म्हटले, तर दसऱ्याला मिळते कुठे.

"अण्णाले उद्या पहाटेच न्याचं हाय, भाऊ," कपिल म्हणाला. "रस्त्यात बंद पडली त मी त्याईले घेऊन कुठं जाऊ?"

घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे. धर्मपालने आईकडे न बघताच बॉनेट उघडले आणि घटकाभराचे काम आहे असे सांगून टाकले.

या गाडीचे गिअर आपोआप पडतात. त्यासाठी गिअरबॉक्समध्ये तेल ढकलणारा एक छोटा विजेवरचा पंप असतो. तो बसला की गाडी वरच्या गिअरला जातच नाही. बिघाड वाचणारा स्कॅनर पंपाचे नाव घेऊन मोकळा झाला. धर्मपालला ते पटेना. फ्यूज शाबूत, रिले टकटकतो, पंपाच्या सॉकेटवर मीटर धरला तर पुरेपूर बारा व्होल्ट. पंपाला बॅटरीवरून थेट तार दिली, तर तो गुणगुणायला लागला. पंप चांगला, वीजही येते, आणि तरी चालत नाही. डोके भणाणून गेले. कंबर केव्हाची बोलायला लागली होती. शेवटी त्याने सॉकेटवर हेडलाइटचा बल्ब जोडला. तो उदबत्तीसारखा मिणमिणला.

म्हणजे वीज येत होती ती मीटरला दाखवण्यापुरतीच. ओझे घ्यायची वेळ आली की बसत होती. धर्मपालला त्या तारेचा राग आला नाही. त्याचे स्वतःचे हल्ली तेच झाले होते.

तार चाचपत तो बॅटरीखालच्या जोडापर्यंत पोचला. आत पाणी, पिना गंजून हिरव्या झालेल्या. इंजिन धुतले होते का, असे विचारल्यावर कपिलने ताकाला जाऊन भांडे लपवून पाहिले, मग कबूल केले. पिना बदलल्या, ग्रीस भरले, पंप चालला. तोवर नागपूरची वेळेवर पोचणारी शेवटची एसटी निघून गेली होती. कौसल्याबाईंनी ती जाताना पाहिली आणि पदर सारखा केला. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे धर्मपालला वाटले.

गिअरबॉक्सचे तेल चांगले तापेपर्यंत गाडी पळवल्याशिवाय खात्री देता येत नाही. कपिलला खुर्ची देऊन धर्मपालने आईला मागच्या सीटवर बसवले आणि गाडी हमरस्त्याला, नागपूरच्या दिशेने लावली. निळे झेंडे लावलेल्या गाड्या शेजारून जात होत्या. गिअर एकामागून एक लोण्यासारखे पडत होते.

करंजीला चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी थांबवली. इथून मागे फिरायचे होते. टाकी भरलेली होती. असेच सुटले तर दिवस मावळायच्या आत लिंबाखाली. त्याने खिशातून फोन काढला.

"कोनाले लावतं?" आईने विचारले.

"कपिलभाऊले. इचारतो. थो काई नाई म्हननार नाई."

"नोको इचारू. बापाच्या जिवासाठी आलेलं मानूस नाई कसं म्हनन? तेच त वाईट हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "फिरव."

धर्मपालने फोन खिशात घातला, पण गाडी सुरू करायला त्याचा हात उठेना. त्याला रडू येत होते, आणि पन्नाशीच्या माणसाने चहाच्या टपरीपुढे रडावे कसे, हेही कळत नव्हते.

कौसल्याबाई दार उघडून उतरल्या. टपरीपुढे बायकांनी भरलेली एक मॅटाडोर उभी होती. दांडीला धरून बसलेल्या एका तरुण बाईला त्यांनी मेणबत्त्यांचे पुडके दिले.

"माह्या नावानं लावजा, माय."

"चला न आजी, जागा करतो."

"गुडघे चढू देत नाई. येक काम करजा. भोजनदानाच्या मांडवाच्या मांगं लिंब हाय, थ्याच्याखाली मैनाबाई भेटन. गोंदियाकडची. नाकावर तीळ हाय." त्यांनी मॅटाडोरचा पत्रा हाताने धरला होता. "तिले सांगजा, कौसल्या जित्ती हाय म्हना."

लाखोंच्या गर्दीत एक मैनाबाई. त्या बाईने हसण्यावारी नेले नाही. सांगतो म्हणाली, आणि मॅटाडोर निघाली.

परतीच्या रस्त्यावर धर्मपालची नजर स्टिअरिंगमागच्या, पंप बिघडला की लागणाऱ्या लाल दिव्यावर होती. आता तरी लाग, असे त्याच्या मनात एकदा येऊन गेले. दिवा लागला नाही.

"झाली न गाडी बरी?" मागून आईने विचारले.

"झाली, माय."

"मंग बरं," असे म्हणून कौसल्याबाईंनी रिकाम्या पिशवीची नीट घडी केली आणि ती मांडीवर ठेवून वर दोन्ही हात ठेवले.