भिंतीवरचा बॉस

थोरल्या मालकांच्या जावयाने प्रकाशनसंस्थेचा कारभार हाती घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच फलकावर नोटीस लागली. आजपासून मला कोणी साहेब म्हणू नये, बॉस म्हणावे. खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

कोशविभागातल्या बाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली, नाक मुरडलं आणि त्या आपल्या खोलीत जाऊन बसल्या. खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, कागदाच्या गोदामाला खेटून होती. तिथे लाकडी खणांमध्ये शब्दांची कार्डं लावलेली होती आणि त्या कार्डांत बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. सध्या शाळेच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती त्यांच्या हातात होती. माणसांबद्दल बाईंचं फारसं चांगलं मत नव्हतं. शब्द न तपासता वापरणारी माणसं त्यांच्या लेखी तोंड न धुता जेवायला बसणारी होती आणि अशांचीच संख्या जास्त होती.

जावईबापू आधी गाद्यांचं मोठं दुकान चालवायचे. गाद्या विकण्यात कमीपणा काही नाही. पण हा माणूस पुस्तकही अंगठ्याने दाबून बघायचा. पहिल्याच दिवशी त्याने बाईंच्या टेबलावरचा जाडजूड कोश उचलला, तळहातावर तोलला आणि म्हणाला, "वजन चांगलंय." तेवढंच म्हणाला आणि निघून गेला. बाईंनी तेव्हाच त्याचं कार्ड लिहून खणात टाकलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

नोटिशीचा परिणाम मात्र भलताच झाला. चहावाला मुळातच सगळ्यांना बॉस म्हणायचा. "बॉस, साखर कमी ना?" असं तो यंत्रावरच्या माणसाला विचारायचा, "सरका की बॉस!" असं हमालाला सांगायचा. त्यामुळे जिन्यात कोणी "बॉस!" म्हणून हाक मारली की चौघे वळून बघायचे आणि त्या चौघांतले एक जावईबापू असायचे.

महिन्याभराने त्यांनी बाईंना वर बोलावलं.

"बाई, आपला नवीन हॉल होतोय. समोरच्या भिंतीवर एक फलक लावायचाय. बॉस या शब्दाचा इतिहास. कुठून आला, अर्थ काय, सगळं. लोक बघत राहिले पाहिजेत."

"शब्दाचा इतिहास नेहमी बघत राहण्यासारखाच असतो असं नाही," बाई म्हणाल्या.

"मला वाटतं, यातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक गुण असणार. बी म्हणजे बहादुरी..."

"इंग्रजी शब्दात बहादुरी कुठून येईल?"

"मग ब्रेव्हरी. तुम्ही बघा हो. तुमच्या शैलीत लिहा. भिंत भरली पाहिजे, एवढंच."

बाई घरी आल्या तेव्हा त्यांची मोठी बहीण शेंगा सोलत बसली होती. ताई निवृत्त परिचारिका. दोघी एकत्र राहायच्या. बाईंनी सगळं सांगितलं, बहादुरीसुद्धा.

"मग काय लिहिणारेस?" ताईने विचारलं.

"खरं आहे ते. त्याच्यासाठी खोटं लिहायचे कष्ट कोण घेईल?"

"तुझा चेहरा बरा दिसत नाहीये मला. सुई टोचायच्या आधी आमच्या डॉक्टरांचा व्हायचा तसा झालाय. हे बघ, नको वाटत असेल तर तोंडावर नाही म्हण. आडून वार कशाला?"

"त्याला वाचता येतं, ताई. त्याने वाचावं."

"आणि नाही वाचलं तर?"

बाईंनी एक दाणा तोंडात टाकला.

दोन दिवसांत त्यांनी मजकूर लिहून काढला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिला अर्थ मालक, मुकादम. हा डच भाषेतून अमेरिकेत आलेला. तिथल्या कामगारांना धन्याला 'मास्टर' म्हणायची लाज वाटे, म्हणून त्यांनी हा परका शब्द उचलला, काम मात्र तेच राहिलं. दुसरा अर्थ टेंगूळ, उंचवटा. ढालीच्या मधोमध असतो तो फुगवटा. हा जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. तिसरा स्कॉटलंडकडचा: पोकळ, आतून रिकामा. चौथा बोलीतला: चुकलेला नेम; त्यालाच डोळ्याचा इंग्रजी शब्द जोडला की तिरळा. पाचवा, काही गावांत गाईला किंवा वासराला मारायची हाक. मूळ अनिश्चित.

जावईबापूंनी कागद हातात घेतला, तळाशी सही केली आणि विचारलं, "अक्षरं केवढी येतील?"

"वीतभर," बाई म्हणाल्या. त्यांनी एवढा एकच शब्द उच्चारला आणि पुढचे चार दिवस त्या शब्दावर खूश होत्या.

फलक रंगवणारी पेंटर अनुभवी होती. तिने फोन केला. "अहो, तिरळा पण घ्यायचंय? आणि गाय?"

"खाली सही बघा."

"बघितली की. म्हणून तर विचारतेय."

"घ्या," बाई म्हणाल्या.

हॉल उघडला त्या दुपारी शाळांचे मुख्याध्यापक, पुस्तकविक्रेते, झाडून सगळे आले. थोरले मालक पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. जावईबापूंनी दोरी ओढली, पडदा सरकला. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी आग्रहाने पुढे बोलावलं. "सर, तुमचा आवाज खणखणीत. तुम्हीच वाचा."

सरांनी चष्मा चढवला आणि वर्गात वाचावं तसं शब्द तोडून तोडून वाचायला सुरुवात केली. मालक या पहिल्या अर्थापर्यंत सगळे माना डोलावत होते. टेंगळापाशी मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. पोकळपाशी खोकले वाढले. तिरळा आला तेव्हा सरांचाच आवाज कापायला लागला आणि गाईपर्यंत पोचता पोचता अख्खा हॉल हसत होता. जावईबापूही हसले. सगळे हसतायत म्हणून हसले, थोडे उशिरा, आणि फलकाखाली उभे राहून त्यांनी फोटोही काढून घेतला. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या माणसाची त्यांना कीवसुद्धा आली नाही. हसले नव्हते ते फक्त थोरले मालक.

दुसऱ्या दिवशी जावईबापू, कोश तोलून गेल्यानंतर पहिल्यांदाच, कोशविभागात आले. त्यांना घरी बायकोने फलक समजावून सांगितला असावा. डोळे सुजले होते. ते स्टुलावर बसले.

"तुम्ही मला मूर्ख समजता."

"तुम्ही सही केलीत. मी नाही."

"ते सगळं खरं आहे?"

"शब्दन् शब्द."

"मग ऐका. शाळेच्या कोशात एकच अर्थ ठेवायचा. मालक. बाकीचे चार काढा."

"काढणार नाही."

"मग काढणारा माणूस आणतो मी."

बाई उठल्या आणि सरळ थोरल्या मालकांच्या घरी गेल्या. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोशातली नोंद तशीच राहील," ते म्हणाले. "कोणी हात लावणार नाही, मी सांगतो त्याला. फलक आज उतरेल. पण बाई, एक विचारू? तो या कामाचा नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला येऊन का नाही सांगितलंत? सव्वीस वर्षं माझं दार तुम्हाला बंद नव्हतं. तुम्ही मजा बघत बसलात. तो माझ्या मुलीचा नवरा आहे. काल ती पण होती त्या हॉलमध्ये, चौथ्या रांगेत. तिच्याकडे बघितलंत?"

बाईंनी बघितलं नव्हतं. मुलगी तिथे असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचे कान तापले. या मुलीला त्यांनीच लहानपणी खणांतली कार्डं मांडायला शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी बाई जावईबापूंच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच बोलल्या. "फलकाबद्दल मी माफी मागते. तो कागद मी तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला हवा होता. अर्थांबद्दल माफी नाही, ते माझे नाहीत. आणि तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, तेही सांगते, म्हणजे पुन्हा आडून काही राहायला नको."

जावईबापू खिडकीकडे बघत राहिले. "जा तुम्ही," एवढंच म्हणाले.

नंतर कोश छापून होईपर्यंत ते बाईंशी तोंडाने बोलले नाहीत. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. चिठ्ठ्यांत शुद्धलेखनाचा आनंदीआनंद असायचा. बाई प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करायच्या, खाली उत्तर लिहायच्या आणि चिठ्ठी परत वर पाठवून द्यायच्या.