बाईंचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती, आणि स्वतःच्या जावयालाही. घरात त्या त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणायच्या, गाडीत बसलं की थेट "अरे गाढवा, आरसा बघ!" त्यामुळे न्यूमोनिया विकोपाला जाऊन त्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर निपचित पडल्या, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त खुपली ती त्यांची शांतता.

त्या वाचल्या. घरी आल्या तेव्हा कपडे अंगावर नुसते लोंबत होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. जावयाची बायको नोकरीवर जायची आणि त्याचं चष्म्याचं दुकान खालीच होतं, म्हणून दिवसाची सोबत त्याच्याकडे आली. एका दुपारी बाईंनी दचकून विचारलं, "छतावरचे मासे गेले का?"

तो गडबडला.

"घाबरू नका," त्याच म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये रोज दिसायचे. खोटे आहेत हे कळतं मला, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं."

मग तो गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता वर यायचा आणि सांगायचा, "आई, मासे नाहीत."

फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम बाई कुरकुरत, पण न चुकता करायच्या. शिवाय एक स्वतःचा. वजनकाटा भिंतीला टेकवून त्या खुर्चीत बसायच्या आणि उजव्या पायाने तो ब्रेकसारखा दाबायच्या. काटा जेमतेम हलायचा. घामाघूम होऊन म्हणायच्या, "उद्या बघते तुला."

अखेर एका सकाळी त्यांनी शिकणं अर्धवट राहिलेल्या विद्यार्थिनीला बोलावलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. ती स्टिअरिंगवर, शेजारी बाई, मागे जावई. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो जादा ब्रेक बाईंच्या पायाखाली होता. वळणावर अचानक एक सायकल आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबली ती मुलीने स्वतःचा ब्रेक दाबल्यामुळे.

"बाजूला घे," बाई म्हणाल्या आणि दाराला धरून खाली उतरल्या. "माझा पाय अजून ऐकत नाही. माझ्या हौसेपायी तुझा जीव टांगणीला लावणार नाही मी."

"बाई, मला तर कळलंही नसतं."

"मला कळलं ना!"

जावई बघतच राहिला. महिनोन्‌महिने ज्या क्षणासाठी ही बाई घाम गाळत होती, तो आला, आणि तिने तो कुणी न सांगता सोडून दिला. आपल्याला हे जमलं असतं का? त्याला खात्री वाटेना.

"अरे, बघतोस काय?" बाई कडाडल्या. "पुढे बस. ब्रेक तुझा, तोंड माझं."

पुढे कितीतरी दिवस शिकवणी अशीच चालली. मागच्या सीटवरून दोघांनाही सारख्याच शिव्या पडायच्या. ती मुलगी परीक्षा पास झाली.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी बाईंनी त्याला रिकाम्या मैदानात गाडी फिरवायला लावली आणि काही न सांगता आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. त्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं.

"आई!"

त्या दम लागेपर्यंत हसल्या.

घर येईपर्यंत त्या सीटवरच झोपून गेल्या होत्या. त्याने गाडी सावलीत लावली, काच थोडी खाली केली आणि त्या जाग्या होईपर्यंत शेजारी बसून राहिला.