लिंबू न कापणारं मशीन

दोन भावांची वाटणी भांडणाशिवाय झाली, तर गावाला करमत नाही. मढच्या दादाभाऊ आणि गोकुळनं गावाची त्या बाबतीत अगदी निराशा केली होती. आई अंबाबाईचं वर्षश्राद्ध उरकलं आणि दोघं भाऊ वाटणीला बसले. भातखाचरं वाटली, डोंगराकडचं वरकस रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, पितळेची भांडी वाटून झाली. रीत जुनीच. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणाऱ्याच्या पदरात उरलेलं पडतं, त्यामुळे त्याला लबाडी करायची सोयच राहत नाही. दादाभाऊनं वाटे पाडले, गोकुळनं उचलले, सगळं गोडीगुलाबीनं झालं. मग शेवटी चुलीपाशी एक दगड उरला.

त्यांच्या बापानं विहीर खोदली तेव्हा निघालेली ती गारगोटी. सोललेल्या नारळाहून मोठी, गोल, बाहेरून बटाट्यासारखी खडबडीत. बोटानं टिचकी मारली की आत पोकळ असल्यासारखी वाजायची. अंबाबाईनं ती जन्मभर पिठाच्या डब्यावर ठेवली, मांजरानं झाकण पाडू नये म्हणून. आत हिरे आहेत असं ती दोन्ही पोरांना सांगायची आणि कुणी हातोडा शोधायला लागलं की लाटणं उगारायची.

"हा असू दे हितंच," दादाभाऊ म्हणाला. "दगडाची काय वाटणी करायची?"

"तुझ्याकडं घर ऱ्हायलं, चूल ऱ्हायली. दगड तरी मला नेऊ दे," गोकुळ म्हणाला.

"का? ती माझी आय नव्हती व्हय?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शब्दानं शब्द वाढला आणि पंच म्हणून बसलेले संपतमामा हसत म्हणाले, "मंग करा दोन तुकडं आन् घ्या अर्धा अर्धा." सगळे हसले, हे दोघे मात्र हसले नाहीत. दगड होता तिथंच राहिला आणि गोकुळ त्याच संध्याकाळी गाडीला किक मारून मंचरला निघून आला. त्यानंतर गणपती गेले, दिवाळी गेली, पण ना याचा फोन त्याला, ना त्याचा याला.

गोकुळचं मंचरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढून नवी भरायची. अशा माणसाला वाटतं की जगात जे बिघडतं ते उघडून बघितलं की सापडतं. भावाचंही त्याला तसंच वाटत होतं. बिघाड दगडात आहे, दगडाचं मिटलं की भाऊ पहिल्यासारखा बोलायला लागेल. त्याला भाऊ परत हवा होता. त्यासाठी दगडाचे दोन सारखे वाटे व्हायला हवे होते आणि हातोड्यानं ते होणार नव्हते, त्याचा नुसता चुरा झाला असता.

म्हणून हायवेकडेच्या एका भंगारवाल्याकडे जेव्हा त्याला ते मशीन दिसलं, तेव्हा आपण पंपाचे सुटे भाग घ्यायला आलो होतो हे तो विसरूनच गेला. अंगठीतले खडे घडवणाऱ्या कुणा कारागिराचं ते दगड कापायचं मशीन होतं. झाकण असलेली लोखंडी पेटी, आत उभं गोल पातं, दगड धरायला व्हाइस आणि तो व्हाइस हळूहळू पात्याकडे सरकवणारा लांब आट्यांचा दांडा. भंगारवाल्यानं झाकणावर आपले चहाचे पेले ठेवले होते.

"अवो, हे काय आणलंत?" टेम्पोतून पेटी उतरताना बघून त्याची बायको प्रतिभा म्हणाली.

"वाटणी करायचं मशीन," गोकुळ म्हणाला. तिनं कपाळावर हात मारला आणि टेम्पोवाल्याला पाणी आणायला आत गेली.

पेटीच्या तळाला तेल आणि दगडाची भुकटी मिळून असा गाळ बसला होता की तो छिन्नीनं काढावा लागला. दांड्याचे आटे गंजून एकजीव झाले होते. ते रॉकेलमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशनं घासले. मोटर जळालेली होती, ते तर घरचंच काम. पट्टा नवा, मोटरची आणि शाफ्टची बेअरिंगं नवी, तेल नवं. गिऱ्हाइकांच्या मोटारी दारात रांगेनं पडून राहिल्या आणि गोकुळ या पेटीत डोकं घालून बसला. सगळं जमलं, फक्त पात्याचं कोडं सुटेना. त्याला दातच नव्हते. कडेवरून बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागायचं. दात झिजून गेले म्हणावं तर झिजल्याची खूण नव्हती.

शेवटी त्यानं मढला फोन लावला. "भाऊ, दगड घिऊन ये. कापायचं मशीन केलंय तयार. वाटे तूच पाड."

 मग दादाभाऊ म्हणाला, "बेस्तरवारी येतो."

गुरुवारी दादाभाऊ एसटीनं आला. एका हातात खताच्या गोणीत गुंडाळलेला दगड, दुसऱ्या हातात तांदळाचं गाठोडं. प्रतिभानं मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग दादाभाऊच म्हणाला, "नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत्यात. याला बी द्याया पायजे." म्हणून व्हाइसमध्ये आधी लिंबू धरलं आणि गोकुळनं बटण दाबलं.

पातं भिंगरीसारखं फिरलं आणि लिंबाचा चेंदामेंदा झाला. सालीच्या चिंध्या निघाल्या, रस तिघांच्या तोंडावर उडाला, पण कापणं म्हणतात ते काही झालं नाही. गोकुळनं बाभळीचा तुकडा धरला, तर लाकडातून धूर निघाला. गडबडीत त्याचं बोट पात्याच्या कडेला लागलं आणि घाबरून त्यानं हात मागं ओढला. पण बोटाला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

"जे लिंबू कापंना, ते दगड काय कापणार?" दादाभाऊ म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट त्याला जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं. त्यानं पोटभर जेवण केलं, दोन वेळा चहा घेतला आणि दगड पुन्हा गोणीत बांधला. "पुढच्या बेस्तरवारी येतो. तवर धार लाव."

"मंग दगड कशाला वागवतो? ठेव हितंच."

"तुझा काय भरवसा, रातोरात अर्धा करशील," असं म्हणून तो ते ओझं खांद्यावर टाकून स्टँडकडे गेला. पुढच्या आठवड्यात तेच ओझं तो परत आणणार होता. गोकुळला याचा काही अर्थच लागेना.

त्यानं ग्राइंडर काढला. पात्याला कडेनं दात पाडायचे, करवतीला असतात तसे, असं त्यानं ठरवलं. प्रतिभा दारात उभी होती. ती म्हणाली, "दगडाचं मशीन हाय ना? मंग एकदा दगड तर घालून बघा."

गोकुळ ग्राइंडर हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. लिंबू झालं, बाभूळ झाली, बोट झालं. दगडाला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं परसातून फुटक्या पाट्याचा तुकडा आणून दिला आणि त्या बिनदाताच्या पात्यानं तो काळा दगड साबणाच्या वडीसारखा कापून दिला. कापलेली बाजू अगदी गुळगुळीत. मऊ वस्तू पात्यापुढे मागं सरते आणि टणक वस्तू सरत नाही, म्हणून ती कापली जाते, असं काहीतरी गोकुळनं मनाशी जुळवलं. पण घरातलं सगळ्यात कठीण ते कापणारं आणि लिंबापुढे हात टेकणारं असलं यंत्र त्याच्या हाताखालून याआधी गेलं नव्हतं. तो कितीतरी वेळ दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघत बसला.

पुढच्या गुरुवारी दादाभाऊ खडू घेऊन दगडापुढे बसला. वाटे पाडणं म्हणजे त्याचंच काम. त्यानं एक रेघ ओढली, दगड फिरवून बघितला, पुसली. दुसरी ओढली, ती पण पुसली. "ह्या अंगाला जास्त जातंय." परत फिरवला. "आन् बाहेरून सारखं केलं तरी आत काय हाय, कुणाला दिसतंय? समदी पोकळी एका अंगाला निघाली तर?"

"मी आधी उचलनार हाय. तू कशाला काळजी करतो?"

"म्हणून तर करतो," दादाभाऊ म्हणाला. खडूनं त्याची बोटं पांढरी झाली होती.

अखेर रेघ ठरली. दगड व्हाइसमध्ये घट्ट बसला, झाकण पडलं, मशीन सुरू झालं. असा दगड कापायचा म्हणजे घाईचं काम नाही. दांडा आटा आटा पुढे सरकतो आणि माणसाला शेजारी बसून राहावं लागतं. दोघं भाऊ स्टुलांवर बसले. बसल्यावर माणूस किती वेळ गप्प राहणार? आधी भाताच्या रोपांवर बोलणं झालं, मग हिरड्याच्या भावावर, मग अंबाबाईनं एकदा संपतमामाला पिठाच्या हातानं कसं पळवलं होतं त्यावर. गोकुळ हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. आपलं गणित बरोबर निघालं, आता दगड सुटा झाला की झालं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दादाभाऊनं हात वर केला.

"थांब. बंद कर. आवाज बदलला."

"न्हाई बदलला."

"बदलला. उगं पातं फुटायचं. बघून ठेव, मी पुढच्या बेस्तरवारी येतो." आणि तो उठलासुद्धा. या वेळी दगड व्हाइसमध्येच राहिला, थोडासा चिरलेला.

आठवडाभर गोकुळनं मशीन उघडलं, ऐकलं, परत बसवलं. दोष सापडेना. गुरुवारी दादाभाऊ आला, सोबत नाचणीचं पीठ. दगड अर्ध्यावर गेला आणि दादाभाऊला पट्टा जळल्याचा वास आला. त्यानंतरच्या गुरुवारी त्याला तेल पातळ वाटलं. गोकुळनं पट्टा बदलला, तेल बदललं, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोटरची तार मनातल्या मनात मोजली. इतकी वर्षं हा धंदा केला आणि आपल्याला बिघाड ऐकू येत नाही, पण भातशेती करणाऱ्या भावाला येतो, हे काय गौडबंगाल आहे? तो चिडला, भांबावला, गिऱ्हाइकांवर ओरडला.

"प्रतिभा, तुला काय आवाज येतो का गं?"

"मला कसला आवाज येतोय," ती म्हणाली आणि हसू दाबत भाकरी थापत राहिली. याहून जास्त ती काही बोलेना, तेव्हा त्याचा आणखीच गोंधळ उडाला.

मग तो गुरुवार आला. दगड आता बोटभरच चिकटून राहिला होता. मशीन सुरू झालं. दादाभाऊ स्टुलावर बसला, पण आज त्याला भाताचं काही सुचेना. त्यानं कान लावला. मशीन एका सुरात चाललं होतं. त्यानं नाक ओढलं. झाकण उचलून तेलाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं. गोकुळनं सगळं इतकं नीट करून ठेवलं होतं की बोलायला काही जागाच उरली नव्हती. दादाभाऊनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आता व्हईल," तो म्हणाला.

"हां, व्हईल."

"बेस झालं. मोकळं झालं समदं." त्यानं एक हात मशीनच्या झाकणावर ठेवला. "मंग काय, मी बी हिकडं येऊन जाऊन तुमचा खोळंबाच करतो."

गोकुळनं भावाकडे पाहिलं. वाटणीच्या दिवशी चुलीपाशी दगडावर हात ठेवून बसला होता, तसाच तो आता बसला होता. त्या दिवशी वाटून टाकायला फक्त तेवढंच उरलं होतं. ते वाटलं की दोन भावांमध्ये न वाटलेलं असं काही राहणार नव्हतं, आणि एकमेकांच्या दारात जायला कुणाकडेच कारण राहणार नव्हतं. दादाभाऊला हे त्या दिवसापासून कळत होतं. गोकुळला आत्ता कळलं. आणि कळल्याबरोबर त्याला भीती वाटली, पात्याला बोट लागलं तेव्हा वाटली होती त्याहून मोठी. दांडा आणखी एक आटा पुढे सरकला.

त्यानं बटण बंद केलं.

"काय झालं?" दादाभाऊनं विचारलं.

"मोटरचं मागचं बेअरिंग वाजतंय."

"मला तर काय आयकू येत न्हाई."

"तुला न्हाई येणार. माझा धंदा हाय." गोकुळनं मोटरचं मागचं झाकण उघडलं, पुलर लावला आणि स्वतःच्या हातानं बसवलेलं ते कोरं बेअरिंग ओढून बाहेर काढलं. "गेलंय हे. दुसरं मिळाया येळ लागंल. असल्या मापाचं लवकर मिळत न्हाई."

दादाभाऊनं बेअरिंग हातात घेतलं, दोन बोटांत धरलं आणि फिरवलं. ते लोण्यासारखं फिरत राहिलं, जराही आवाज न करता. तो खूप वेळ ते फिरताना बघत होता. मग त्यानं ते गोकुळच्या हातात परत दिलं.

"व्हय की," तो म्हणाला. "पार गेलंय."