मोहावरची शेंग

माही सासू मैनाबाई म्हणजे चुलीतला इस्तोच, बाप्पा! बोलली की चटका. पातूरच्या डोंगराखाली आमचं वावर, अन् त्याच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं झाड. त्याच्या खोडाले रास्ना, म्हणजे झाडावरच वाढणारं एक फुलझाड, चिकटलेली, तिले ना माती लागे ना खत. बुढी म्हणे, "रास्नाले शेंग धरली तर घरात पाळणा हालते."

त्या साली साता समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली अन् आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. वेचाले हात पुरेनात. माह्या लग्नाले सहा वर्षं झालेली, कूस रिकामी. सासू म्हणाली, "मनकर्णे, यंदा शेंग नाही धरली तर दुसरी सून आणतो. वेचाले हात होतील अन् नातूबी होईल."

मी लय भेली. रास्नाले फुलं ढीगभर येत, पण शेंग क्वचितच. ज्या फुलात भुंगा घुसे तेच धरे, हे मी पाहून ठेवलं होतं. जेठातल्या एका दुपारी कोणी नाही पाहून मी फुलात गवताची काडी घातली. काडीले दोन पिवळे दाणे चिकटून आले. अगा माय! देवाच्या झाडाची चोरी झाली माह्या हातून! तसेच ते दाणे दुसऱ्या फुलात खुपसले अन् पळाली.

तिसऱ्या दिवशी तेच फूल कोमेजलं, बाकीची टवटवीत. मले वाटलं, मीच मारलं, आता देव मले धरते. पण फुलामागचा देठ फुगत गेला. दिवाळीले बोटाएवढी शेंग लटकली. सासूनं दुसऱ्या सुनेचं नाव काढणं सोडलं. मी मात्र मोहाखालून जायचं टाळे.

फागुनात शेंग पिकली. सासूनं सगळ्यांसमोर फोडली, बोंडातली सरकी चाचपतात तशी चाचपली. सरकी कायची, राईएवढा दाणा नाही! नुसती पिवळी धूळ.

"पोकळ! वांझ शेंग, वांझ सून!" म्हणत तिनं फुंकर मारली. धूळ खोडावर उडाली. आखाजीच्या सणाले कौशल्या सवत होऊन आली.

पाच सालं गेली. कापसाचा भाव बसला. कौशल्याचीबी कूस रिकामीच. सासू म्हणाली, "आता तिसरी आणतो." यंदा रास्नाले पुन्हा शेंग धरली होती, ती फोडून पाहाले सासू कौशल्याले मोहाखाली घेऊन आली. मीबी मागं गेली. कौशल्या भेवानं माह्या पदराले धरून होती. मीबी भेत होती, पण तोंडातून निघून गेलं, "थांबा आत्याबाई, फोडू नका!"

"काहून?"

मी सासूचा हात धरून तिले खोडाजवळ नेलं. सालीच्या भेगांमधी रास्नाची नखाएवढी रोपं उगवलेली, पाच सालाआधी सासूची फुंकर पोचली होती तिथंच.

"तुमी उडवलं ते बी होतं. शेंग पोकळ नव्हती."

बुढीनं वाकून रोपं पाहिली. मंग माह्याकडं पाहिलं, मंग कौशल्याकडं. धुऱ्यापलीकडं तिचा पोरगा शेषराव, आमा दोघींचा नवरा, बैलं घेऊन उभा होता. पहिल्यांदाच तिनं सुनांले जोखायच्या नजरेनं त्याच्याकडं पाहिलं. अन् भेवानं तिचं तोंड पांढरंफटक पडलं.