भोंग्यावरची चिकटपट्टी

सन दोन हजार एकोणीस, मे महिन्याची अखेर, ऐन उन्हाळा. मी प्रयोगशाळेतला फ्रीजर बोलतोय. घरातल्या फ्रीजरशी माझी तुलना नको. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असते.

आदल्या वर्षी माझ्या दाराचं रबर फाटलं. भंगारवाला येऊन उभा राहिला. इथल्या संशोधक बाई म्हणाल्या, "रबर बदला. पोट अजून शाबूत आहे." उपकार मी विसरत नाही.

बाईंचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात नॅनो भुकटीची पोती भरतो. धुळीहून कितीतरी बारीक भुकटी ती.

"ताई, खोकला तिथं सगळ्यांनाच आहे," तो हसत म्हणाला.

"म्हणूनच तर जीव घाबरतोय, गाढवा!"

"तू बशीत वाढवलेल्या फुफ्फुसाच्या पेशी मेल्या का आमच्या भुकटीनं? नाही ना? मग मी कसा मरेन?"

"मेल्या नाहीत. आतून हादरल्यात का, ते बघायचंय. कुठली जनुकं जागी झाली, त्यावरून कळेल."

"कळलं की सांग. त्या दिवशी पोती सोडतो."

जागं झालेलं जनुक आरएनए नावाचा निरोप धाडतं. तो उबेत तुटतो. म्हणून भुकटी दिलेल्या फुफ्फुसाच्या पेशींचा अर्क बाईंनी नळ्यांत भरून माझ्याकडे सोपवला. भुकटी संपली होती. कारखाना पुन्हा देणार नव्हता.

एका दुपारी माझा कॉम्प्रेसर बंद पडला. माझा धोक्याचा भोंगा वाजायला हवा होता. पण दार उघडलं की तो बोंबलतो, म्हणून शेजारच्या खोलीतल्या सरांनी त्याचं बटण दाबून वर चिकटपट्टी मारली होती.

उणे सत्तर. उणे पासष्ट. माझी भीतीनं गाळण उडाली. ओरडता येईना.

तेवढ्यात सरच काहीतरी काढायला आले. दार उघडतं, तर उन्हाळा आत शिरता. कडांना साचलेल्या बर्फाच्या जोरावर मी दार धरून ठेवलं. सरांनी हिसके दिले, शिवी हासडली. मग थबकले.

"बाई, हा आज घरघरत का नाही हो?"

बाई धावत आल्या. आकडा पाहून पांढऱ्याफटक पडल्या. सरांनी कोरडा बर्फ आणला, माझ्याइतकाच थंड. नळ्या दुसरीकडे गेल्या. मी कोपऱ्यात, दार उघडं, पोट रिकामं. निरोप वाचला की तुटला, मला कोण सांगणार? तेवढा धसका मी जन्मात घेतला नव्हता.

पुढे एकदा भाऊ आला.

"निरोप शाबूत निघाले," बाई म्हणाल्या. "चिमूटभर भुकटीनंही सूज आणणारी जनुकं जागी झालीत. माणसात पुढे काय होईल, ते अजून ठाऊक नाही. पण थांबायला एवढं पुरे."

तो हसला नाही.

"उद्यापासून पोती बंद, ताई."

माझ्यावरचं बाईंचं देणं फिटलं.